बारमाही बाग, पानांच्या भरवशावर

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात घराभोवती चार फूट मोकळी जमीन मिळाली की पहिली खरेदी फुलांची होते. गुलाब, शेवंती, झेंडू, जास्वंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही बाग देखणी दिसते. एप्रिल उजाडला की शेवंती आणि झेंडू संपलेले असतात, गुलाब कसाबसा तग धरून असतो आणि वाफ्यात उघडी माती दिसू लागते. पावसाळ्यात सगळीकडे एकाच छटेचा हिरवा रेटा वाढतो. वर्षातले सात-आठ महिने त्या बागेकडे मुद्दाम जाऊन पाहावं असं काही उरत नाही. म्हणून या लेखात एकच आग्रह आहे: झाडं निवडताना आधी पान बघा, फूल नंतर. फुलांचा बहर पंधरा दिवसांत, फार तर महिन्या-दीड महिन्यात ओसरतो. पानाचा रंग आणि पोत बारा महिने डोळ्यांसमोर राहतो.

आपल्या पठारावरच्या झाडाला एकाच जागी उभं राहून तीन वेगवेगळी हवामानं सोसावी लागतात. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. एप्रिल-मे मध्ये पारा 38-40 अंशांवर जातो, तर जानेवारीच्या पहाटे तो 10 अंशांच्या आसपास उतरतो. जे झाड जानेवारीत सुंदर दिसतं ते मे महिन्यात कसं दिसेल, हे जानेवारीत कळायला मार्ग नसतो. आणि आपली बहुतेक खरेदी नेमकी जानेवारीत होते. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहायला जरूर जा, नवीन प्रकार बघा, नावं टिपून घ्या. खरेदीसाठी मात्र मे महिन्यात रोपवाटिकेत जा. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन, सोरतापवाडी भागात रोपवाटिकांची रांगच आहे. तिथे जाळीबाहेर, उघड्या उन्हात ठेवलेल्या कुंड्यांपैकी कोणती झाडं ताठ उभी आहेत ते पाहा. वैशाखात ज्याचा रंग टिकला, ते झाड तुमच्या वाफ्यातही टिकेल.

रोपवाटिकेत आणखी एक गोष्ट विचारा: रोप इथेच वाढवलंय की बाहेरून आलंय? आपल्याकडची बरीचशी शोभेची झाडं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या दमट हवेत वाढलेलं क्रोटन पठाराच्या कोरड्या हवेत आलं की पंधरा दिवसांत निम्मी पानं टाकतं. झाड मेलेलं नसतं, त्याला हवापालट सोसलेला नसतो. असं रोप आणल्यावर दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा, मग सकाळच्या उन्हात आणा, मगच जमिनीत लावा. त्याच्या मुळांभोवती चिकट मातीचा गोळा असतो. तो वाळला की विटेसारखा कडक होतो आणि बाहेरची माती ओली असूनही आत पाणी शिरत नाही. लावण्यापूर्वी गोळा बादलीभर पाण्यात भिजवून कडेची माती हलक्या हाताने मोकळी करा.

आता रंगाकडे येऊ. पान रंगीत का दिसतं हे समजलं की कुठलं झाड कुठे लावायचं हा अर्धा प्रश्न सुटतो. लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा असतो आणि बहुतेक झाडांत तो उन्हात गडद होतो, सावलीत विरतो. जांभळ्या पानांची ट्रॅडेस्कॅन्शिया भिंतीच्या सावलीत लावली की ती हिरवट, लांबट, लुळी होते. तीच कडक उन्हात गर्द वांगी रंगाची दिसते. गोल्डन ड्युरांटाचा पिवळा रंगही ऊनच देतं. पांढऱ्या चट्ट्यांच्या पानांची गोष्ट उलटी आहे. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तिथे अन्न तयार होत नाही आणि तो भाग उन्हात चटकन करपतो. म्हणून पांढरी चितकबरी पानं दुपारच्या सावलीत, आणि त्यांच्याकडून वाढीची घाई करायची नाही. अशा झाडाला मधूनच एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटते. ती जोमदार असते, म्हणून कौतुकाने ठेवली जाते आणि वर्षभरात सगळं झाड हिरवं होऊन बसतं. दिसली की तळापासून कापा.

रुपेरी पानांचा रंग बारीक लव किंवा मेणाच्या थराचा असतो. ऊन परतवून लावणारी ही झाडं कोरड्या हवेत खूश असतात. जूनमध्ये तीच लव पाणी धरून ठेवते आणि झाड बुडापासून कुजतं. रुपेरी झाडं हवी असतील तर ती कुंडीतच लावा आणि मृगाच्या आधी पागोळ्यांच्या आत, वळचणीला सरकवा.

पठारावरच्या बागेचा कणा म्हणून मी चार झाडं सुचवेन: अकॅलिफा, क्रोटन, जांभळी ट्रॅडेस्कॅन्शिया आणि रिओ. चारही रोपवाटिकेत स्वस्त मिळतात आणि त्याचमुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. तांबूस, कथ्थई, गुलाबी कडेची अशी अकॅलिफाची किती तरी रूपं आहेत. वर्षभरात ती माणसाच्या छातीइतकी वाढते, छाटणी आनंदाने सोसते आणि पाणी मिळालं तर पूर्ण उन्हातही रंग सोडत नाही. तिचा खरा रंग नव्या पानांत असतो, म्हणून जूनच्या पहिल्या पावसानंतर एकदा निम्म्यावर आणि ऑक्टोबरमध्ये एकदा हलकी, अशी दोनदा कात्री लावा. एप्रिल-मे मध्ये छाटणी नको. उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने भाजते. रिओचं पान वरून हिरवं आणि खालून जांभळं असतं. ऊन आणि सावली दोन्हीकडे ती जगते, कडेला दाट बसते, आणि मेमध्ये चार दिवस पाणी चुकलं तरी तक्रार करत नाही.

क्रोटनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण हे झाड जितकं घरोघर दिसतं तितकंच चुकीच्या जागी लावलेलं असतं. मलेशिया-इंडोनेशियापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत त्याचं मूळ घर, म्हणजे दमट आणि उबदार हवा. कोकणात आणि गोव्यात ते कुंपणालाही फोफावतं. पठारावर त्याला सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली ही जागा मानवते. पूर्ण सावलीत ते हिरवं पडतं. मेच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीपाशी त्याची पानं फिकुटतात आणि कडा जळतात. म्हणजे घराची पूर्व बाजू क्रोटनची. पेट्रासारख्या रुंद पानांच्या प्रकारात कोवळं पान हिरवं-पिवळं असतं आणि जून होताना नारिंगी, लाल होत जातं. तेव्हा खालची लाल पानं पिकली समजून खुडू नका. तीच त्या झाडाची शोभा आहे. गोल्ड डस्ट या प्रकारात गर्द हिरव्यावर पिवळे ठिपके असतात, लांबून तो उन्हाचे कवडसे पडल्यासारखा दिसतो, म्हणून काहीशा काळोख्या कोपऱ्यासाठी तो घ्यावा. अरुंद, पीळ पडलेल्या पानांचे प्रकार रुंद पानांच्या शेजारी लावले की दोन्ही उठून दिसतात. मात्र पाच प्रकारची पाच क्रोटनं ओळीने लावू नका. डोळा कशावरच ठरत नाही आणि सगळी मिळून गोंधळ होतो. एकाच प्रकारची तीन झाडं एकत्र लावा.

झाडं अशी एकजात पुंजक्याने लावण्याची ताकद पाहायची असेल तर ब्राझीलचे उद्यानरचनाकार रॉबर्टो बुर्ले मार्क्स (1909-1994) यांच्या बागांची छायाचित्रं शोधून पाहा. ते चित्रकारही होते. एकेका पानझाडाचा मोठा सलग पट्टा, त्याला खेटून वेगळ्या पोताचा दुसरा पट्टा, अशी त्यांची मांडणी. रिओ दि जानेरोजवळची त्यांची राहती बाग 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. तरुणपणी जर्मनीत असताना बर्लिनच्या वनस्पतिउद्यानातल्या काचघरात त्यांनी आपल्याच देशातली रानझाडं मानाने वाढवलेली पाहिली, आणि परतल्यावर ती ब्राझीलच्या बागांत आणली. आपण अजून सह्याद्रीतली झाडं अशी आणायची आहेत. त्याकडे पुढे येतो.

रंगापेक्षा पोत महत्त्वाचा आहे, हे पुष्कळांना पटत नाही. एक सोपी चाचणी सांगतो. मोबाईलवर आपल्या वाफ्याचा कृष्णधवल फोटो काढा. सगळा वाफा एकाच राखाडी रंगाचा, बारीक बारीक पानांचा लगदा दिसला तर तिथे पोताचा अभाव आहे, रंग कितीही असले तरी. उपाय म्हणजे एक मोठं पान: काळ्या देठाचं अळू, अलोकॅशिया, फिलोडेंड्रॉन, किंवा पाणी भरपूर असेल तर पिवळ्या पट्ट्यांचा अल्पिनिया. त्याच्या शेजारी एक उभी, तलवारीसारखी रेघ: सावलीत स्नेक प्लँट, उन्हात घायपात. आणि मध्ये शतावरीच्या जातीतलं किंवा नेच्यासारखं काही भुरभुरीत. छोट्या जागेत लहान पानांचीच झाडं लावावीत हा समज सोडून द्या. मोठं पान एकच असलं तरी जागेला खोली देतं. बारीक पानांचं झाड मागे लावलं की भिंत दूर गेल्यासारखी वाटते.

शेजार ठरवताना गडद पानांची काळजी घ्या. जांभळी, काळपट पानं काळ्या मातीवर किंवा दगडी कुंपणापुढे हरवून जातात. त्यांच्या मागे पिवळसर हिरवा ड्युरांटा हवा किंवा पांढरी भिंत हवी. तुम्ही बाग कोणत्या वेळी बघता, याचाही विचार करा. नोकरी करणारी माणसं ती सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सातनंतर बघतात. तिन्हीसांजेला लाल-जांभळा रंग सगळ्यात आधी विझतो, पांढरा आणि फिका पिवळा सगळ्यात शेवटी. म्हणून अंगणातल्या बसायच्या जागेजवळ स्नोबुश किंवा पांढऱ्या चट्ट्यांचा जास्वंद लावा.

आता सह्याद्रीतली झाडं. पावसाळ्यात घाटात हिरव्या झुडपावर पांढरंशुभ्र पान उमलल्यासारखं दिसतं, तो भूतकेस. ते पान म्हणजे फुलाचं वाढलेलं निदल. खरं फूल नारिंगी आणि इवलंसं. रोपवाटिकेत ज्या गुलाबी मुसेंडाला भाव मिळतो, त्याचाच हा आपल्या मातीतला भाऊबंद. पेवा दांड्याभोवती जिन्यासारखी वळत जाणारी पानं घेऊन उगवतो आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात लालसर कणसावर कागदासारखी पांढरी फुलं काढतो. कुरडूचे रुपेरी-गुलाबी तुरे ऑक्टोबरच्या उन्हात चमकतात. दीपमाळेचे गोल काटेरी गेंद वाळल्यावरही महिनोन्महिने ताठ उभे राहतात, आणि हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात त्यांच्याइतका पोत दुसऱ्या कशाला नसतो. या दोन्हींचं बी मात्र सगळीकडे पडतं, नको तिथली रोपं वेळीच उपटावी लागतात. वाळ्याचं बेट उतारावर लावा. पातं वाऱ्यावर हलतं आणि मुळं माती धरून ठेवतात. यातलं काहीही रानातून खणून आणू नका. बी गोळा करा, फांदी लावा किंवा देशी झाडांची रोपं करणाऱ्या रोपवाटिकेतून घ्या.

पेवा, हळद, कॅलेडियम ही कंदवर्गीय मंडळी मृगाच्या पावसाबरोबर उठतात आणि हिवाळ्यात जमिनीत गडप होतात. त्यांची जागा मोकळी दिसते म्हणून कितीजण ती लावतच नाहीत. यावरची उत्तम जागा म्हणजे चाफ्याचं आळं. चाफा पावसाळ्यात भरलेला असतो, त्याच्या झिरपत्या सावलीत कॅलेडियमची पांढरी-गुलाबी पानं सप्टेंबरपर्यंत झगमगतात. डिसेंबरात कंद झोपतात, तेव्हाच चाफ्याचीही पानगळ होते आणि खाली थेट ऊन येतं. त्या उन्हात डस्टी मिलरच्या रुपेरी कुंड्या ठेवा. मार्च-एप्रिलपर्यंत त्या छान राहतात. वर चाफ्याच्या निष्पर्ण, जाडजूड, वळणदार फांद्या असतात, आणि त्या पाहण्यासारख्या असतात. त्या काळात आळ्यात पाणी जास्त घालू नका, कंद कुजतात. हळद लावली तर श्रावणात पातोळ्यांना पानंही मिळतील.

आपल्याकडे थंड देशांसारखा पानगळीचा रंग फारसा नसतो. आपला रंग पालवीचा. फाल्गुनात घाटातला कोशिंब तांबडालाल होतो, आंब्याची पालवी तांबूस लोंबते. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायला वेळ लागतो, तोवर लाल द्रव्य त्याला प्रखर उन्हापासून जपतं. घराच्या अंगणात यासाठी सीताअशोक लावावा. त्याची मऊ, तपकिरी-गुलाबी पालवी झुंबरांसारखी खाली सुटते. कुंपणासाठी लाल शेंड्यांचं सिझिजियम आहे, ते कातरलं की पुन्हा लाल फुटतं. थोडी जागा जास्त असेल तर तामण. हे आपलं राज्यफूल, आणि त्याची जुनी पानं गळण्याआधी लालसर होतात, हे फुलांच्या कौतुकात विसरलं जातं.

रंगीत छदांची दोन झाडं पानांच्याच हिशेबात धरावीत. बोगनवेलीचा रंग छदांचा असतो आणि तिला कोरडं ठेवलं की तो खुलतो. जानेवारीपासून पाणी निम्मं करा, पानं किंचित मलूल झाल्यावरच घाला. मेरी पामर या प्रकारात एकाच झाडावर पांढरी आणि किरमिजी छदं येतात, तर थिम्मा या प्रकाराचं पानही मधोमध पिवळं असल्याने तो बहर नसतानाही शोभतो. पॉइन्सेटियाची वरची पानं लाल व्हायला ऑक्टोबरपासून सुमारे दोन महिने रोज बारा-चौदा तासांची अखंड रात्र लागते. फाटकाजवळ रस्त्याचा दिवा असेल तर तिथे तो लालीच धरत नाही. घराच्या मागच्या, काळोख्या बाजूला लावा.

काही झाडं घेऊच नका. पिवळ्या फुलांची वेडेलिया जमीन पटकन झाकते म्हणून सर्रास लावली जाते. जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक वनस्पतींच्या शंभरांच्या यादीत तिचं नाव आहे, आणि ओढ्याकाठी सुटली की देशी झाडोरा मारून टाकते. तिच्या जागी रिओ किंवा अल्टरनान्थेरा लावा. घाणेरीने आपल्या डोंगरांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंच आहे. लाल पानांचा युफोर्बिया (कोटिनिफोलिया) दिसायला देखणा, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. लहान मुलं असलेल्या घरात तो नको. कॅलेडियमचं आणि डिफेनबाकियाचं पान चावलं तर तोंडाची आग होते, तेव्हा ही झाडं लहानग्यांच्या हाताला येणार नाहीत अशी लावा.

जमीन काळी असेल तर पावसाळ्यात मुळाशी पाणी साचतं. वाफा सहा-आठ इंच उंच करा, तळाला मुरूम घाला आणि वर शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत मिसळलेली माती. आपल्या मातीत चुना जास्त, त्यामुळे इक्झोराचं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं चित्र दिसतं. ती लोहाची उणीव. सेंद्रिय खत वाढवा आणि तात्पुरती दुरुस्ती म्हणून चिलेटेड लोह फवारा. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर कॉर्डिलिन, ड्रॅसिना आणि कॅलाथिया यांची टोकं तपकिरी होतात. त्यांच्यासाठी पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवा, नाहीतर ती झाडं टाळा. मार्चनंतर क्रोटन आणि अकॅलिफावर लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण येतात. आठवड्यातून एकदा पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला तर कोळी आटोक्यात राहतो. पिठ्यासाठी लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. पावसाळ्यात कोलियसवर गोगलगायी येतात, त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात.

विदर्भात मेचं ऊन पठारापेक्षा फार कडक. तिथे बोगनवेल, घायपात, स्नेक प्लँट आणि अडेनियम यांच्यावर भर द्या, आणि क्रोटनवर एप्रिल ते जून 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. कोकणात जांभ्याच्या मातीत क्रोटन, कॉर्डिलिन, कॅलेडियम हवं तितकं लावा. रुपेरी झाडांचा नाद सोडा.

पहिल्या वर्षी सगळं विकत घेऊ नका. मेमध्ये अकॅलिफाची दोन, क्रोटनची तीन आणि रिओची काही रोपं निवडा, मृगाचा पाऊस स्थिरावला की लावा. अकॅलिफांत तीन फूट, क्रोटनांत दोन फूट, रिओत नऊ इंच ते एक फूट अंतर ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये अकॅलिफा, कोलियस, ट्रॅडेस्कॅन्शिया यांच्या फांद्या सहज मुळं धरतात. क्रोटनची गुटी याच दिवसांत बांधा. सुरुवातीला मधल्या फटी डोळ्यांना खुपतील. त्या आणखी झाडांनी भरल्या तर दुसऱ्या पावसाळ्यात गर्दी होऊन खालची पानं गळतील. तिथे वाळल्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन टाका आणि फार तर हंगामी कोलियस लावा, म्हणजे झाडं पसरली की तो काढून टाकता येईल.